अवे मॅचला परदेशी गेलेला चाहता नेमका कोणाच्या भरवशावर असतो?

२०२३च्या सप्टेंबरात मुंबई सिटी एफसीने आशियाई फुटबॉल महासंघाच्या (एएफसी) चॅम्पियन्स लीगमधले आपले ‘घरचे’ सामने पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात खेळायला सुरुवात केली. इराणचा नसाजी आणि उझबेकिस्तानचा नवबहोर हे पाहुणे त्या मोसमात इथे येऊन गेले; सौदीच्या अल हिलालचा सामना मात्र नवी मुंबईत झाला. अल हिलालबरोबर नेमार येणार म्हणून गावभर चर्चा झाली आणि दुखापतीमुळे तो आलाच नाही, ते दुःख वेगळं. समजा, इराणहून पाचशे पाठीराखे विमान करून आले असते, बाणेरच्या हॉटेलांत उतरले असते आणि रात्री त्यांच्यातल्या कोणाचा पासपोर्ट हरवला असता, कोणाचं डोकं फुटलं असतं, कोणाला पोलिसांनी उचललं असतं, तर निस्तरायचं कोणी? इथल्या पोलिसांनी, इराणच्या वकिलातीने, क्लबने, की स्पर्धा भरवणाऱ्या महासंघाने?

उलट बाजूही आहे. २०१४ साली आपला पुणे एफसी एएफसी कपमध्ये खेळला तेव्हा त्याला हाँगकाँग, सिंगापूर आणि म्यानमारच्या संघांशी त्यांच्या मैदानावर जाऊन ‘अवे मॅच’ खेळाव्या लागल्या. तो क्लब पुढच्याच वर्षी बंद पडला, त्यामुळे पुणेकरांना ‘आपल्या संघामागे परदेशी जाणं’ ही सवय लागायच्या आतच मोडली. पण मँचेस्टर, लिव्हरपूल, माद्रिदच्या सामन्यांना जाणारे पुणेकर आता कमी नाहीत, आणि जर्मनीत शिकायला गेलेली आपली पोरं तर शनिवार-रविवारी स्टेडियमातच सापडतात. त्यामुळे हा प्रश्न दुरून पाहण्याचा राहिलेला नाही.

युरोपात मोसम सुरू असला की दर आठवड्याला हजारो माणसं रेल्वेने, बसने, स्वस्त विमानाने दुसऱ्या देशात जातात, नव्वद मिनिटं घसा फोडतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतात. युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे युएफाच्या, नियमाप्रमाणे यजमान क्लबने स्टेडियमच्या क्षमतेच्या किमान पाच टक्के जागा पाहुण्यांसाठी ठेवायच्या असतात. साठ हजारांच्या स्टेडियमात त्या तीन हजार होतात. म्हणजे तीन हजार परके लोक, एकाच रंगाच्या शर्टात, बरेचसे दुपारपासून बिअर पीत बसलेले, आणि शहराचा नकाशा ठाऊक नसलेले.

आता पहिली गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. स्वतःच्या सीमेबाहेर कोणत्याही सरकारचा दंडुका चालत नाही. इंग्लंडचा पोलीस रोममध्ये आपल्या मर्जीने कोणाला अटक करू शकत नाही, रस्ता बंद करू शकत नाही, गेट उघडा म्हणू शकत नाही. तिथे सगळं यजमान देशाच्या हातात. घरच्या सरकारकडे उरतात तीन वेळा: माणूस निघण्याआधी, तो तिथे असताना यजमानाच्या कानाला लागून, आणि काही बिघडल्यावर वकिलातीमार्फत. या तिन्ही वेळी त्याच्या हातात असलेलं खरं हत्यार एकच असतं, ते म्हणजे माहिती. कोण येतंय, किती येतायत, कुठून येतायत, त्यांना कशाची भीती आहे. ही माहिती वेळेवर आणि खरी पोचली तर संध्याकाळ निभावते. ती चुकली किंवा अडली की काय होतं, याचे दाखले गेल्या चाळीस वर्षांत भरपूर साठले आहेत.

हेझेलची भिंत

२९ मे १९८५. ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये इटलीचा युव्हेंटस आणि इंग्लंडचा लिव्हरपूल यांच्यात युरोपियन कपचा अंतिम सामना. स्टेडियम जुनाट, कठडे ठिसूळ. लिव्हरपूलच्या चाहत्यांशेजारचा ‘झेड’ विभाग तटस्थ बेल्जियन प्रेक्षकांसाठी राखला होता. पण तिकिटं फिरत फिरत इटालियन कुटुंबांच्या हातात गेली. मध्ये काय, तर तारेचं तकलादू कुंपण. सामना सुरू होण्याआधी लिव्हरपूलचे काही चाहते कुंपण तोडून धावून गेले, समोरचे मागे हटत भिंतीपाशी दाबले गेले आणि भिंत कोसळली. ३९ माणसं मेली, त्यातली बहुतेक इटालियन. आणि सामना तरीही खेळवला गेला.

दोष अर्थातच धावून गेलेल्यांचा होता आणि त्यांतल्या काहींना नंतर शिक्षाही झाली. पण त्या विभागात खरोखर कोण बसणार आहे हे नियोजनाच्या कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरंच होतं, हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

तीन महिन्यांच्या आत, १९ ऑगस्ट १९८५ला, युरोप परिषदेने सामन्यांमधल्या हिंसाचाराविरुद्धचा पहिला आंतरराष्ट्रीय करार सह्यांसाठी खुला केला. सरकारी कारभारात हा वेग दुर्मीळच. (युरोप परिषद आणि युरोपीय संघ या दोन वेगळ्या संस्था आहेत. बातम्यांत त्यांची हमखास गल्लत होते.) कराराचा सूर मात्र एकच होता: चाहता म्हणजे संभाव्य गुंड. त्याला अडवा, वेगळा ठेवा, दारू देऊ नका. इंग्लिश क्लबांना युरोपीय स्पर्धांतून पाच वर्षं बाहेर ठेवलं गेलं, लिव्हरपूलला सहा.

निघण्याआधीच अडवणं

इंग्लंडने पुढे यातून स्वतःची एक पद्धत बसवली. १९८९च्या कायद्याने पाया घातला आणि २००० सालच्या कायद्याने तो आवळला. त्या वर्षीच्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत बेल्जियमच्या शार्लेरुआ आणि ब्रसेल्समध्ये इंग्लिश टोळक्यांनी धुडगूस घातला होता, शेकडो जण पकडून परत पाठवले गेले आणि सरकारची नाचक्की झाली. त्यातून आलेला फुटबॉल बंदी आदेश असा चालतो: फुटबॉलशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला न्यायालय तीनपासून दहा वर्षांपर्यंत सामन्यांपासून दूर ठेवू शकतं, आणि परदेशातल्या महत्त्वाच्या सामन्यांच्या काळात त्याला आपला पासपोर्ट पोलिसांकडे जमा करावा लागतो. शिवाय, एखाद्याला खटल्यात शिक्षा झालेली नसली तरी पोलीस न्यायालयात तक्रार करून त्याच्यावर असा आदेश मागू शकतात.

हे दुसरं कलम वाचून भुवया उंचावल्या असतील तर योग्यच आहे. गुन्हा सिद्ध नाही आणि पासपोर्ट मात्र जमा, याला इंग्लंडमध्येही आव्हान दिलं गेलं. २००२ साली तिथल्या अपील न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण आदेश देताना कडक पुरावा लागेल असंही बजावलं. माझं मत विचाराल तर, दंगेखोर घरीच थांबल्याचा सगळ्यात मोठा फायदा साध्या चाहत्याला होतो. कारण परक्या देशाचे पोलीस चेहरे ओळखत नाहीत, ते शर्ट ओळखतात. दहा जणांनी खुर्च्या फेकल्या की मार शर्ट घातलेल्या सगळ्यांनाच पडतो. पण हे हत्यार न्यायालयाच्या नजरेखाली राहायला हवं, हेही तितकंच खरं.

जर्मनीत पोलिसांची अशीच एक नोंदवही आहे, खेळातल्या हिंसक लोकांची. तिच्यावर तिथे जुना वाद आहे, कारण शिक्षा न होताही नाव चढू शकतं. जर्मनीत शिकणाऱ्या पुणेरी मुलांनी हे माहीत करून घ्यावं. धक्काबुक्की सुरू झाली की तिथे उभं राहून मोबाइलवर चित्रीकरण करण्यात शहाणपण नाही.

माणूस तिकडे, माहिती त्याच्या आधी

२५ एप्रिल २००२ला युरोपीय संघाने ठरवलं की प्रत्येक सदस्य देशाने पोलिसांचं एक राष्ट्रीय फुटबॉल माहिती केंद्र ठेवायचं. कल्पना साधी आहे. म्युनिकचा संघ मिलानला खेळणार असेल तर जर्मन केंद्र इटालियन केंद्राला आधी कळवतं: साधारण किती लोक येतील, किती विमानाने आणि किती बसने, धोकादायक गट आहेत का, त्यांचं कोणाशी वैर आहे. सामन्याच्या दिवशी जर्मन पोलिसांचे काही अधिकारी मिलानला जातातही. आपल्या क्लबचे चाहते चेहऱ्याने ओळखणारे हे लोक. त्यांना अटकेचा अधिकार नसतो, ते इटालियन पोलिसांच्या कानात सांगतात: ‘ते जे गात चाललेत ना, ते आमचे नेहमीचे, त्यांना जाऊ द्या. तो कोपऱ्यातला गट बघा.’

मोठ्या स्पर्धेत हेच काम एका छपराखाली आणतात. २०२४च्या युरो स्पर्धेसाठी जर्मनीने नॉइस या शहरात आंतरराष्ट्रीय पोलीस केंद्र उघडलं होतं आणि सहभागी देशांचे अधिकारी तिथे शेजारी शेजारी बसून काम करत होते.

हे जाळं तुटलं तर काय होतं, ते ऑगस्ट २०२३मध्ये अथेन्सने पाहिलं. एईके अथेन्स आणि दिनामो झाग्रेब यांच्या सामन्याला युएफाने पाहुण्या चाहत्यांना आधीच बंदी घातली होती. तरी झाग्रेबच्या टोळक्याच्या गाड्या माँटेनेग्रो, अल्बानिया पार करत थेट ग्रीसमध्ये शिरल्या. वाटेतल्या पोलिसांकडून इशारे गेले होते. पण ग्रीक यंत्रणा हलली नाही. सामन्याच्या आदल्या रात्री स्टेडियमबाहेर मारामारी झाली आणि एका तरुण ग्रीक चाहत्याचा भोसकून खून झाला. शंभरावर लोक पकडले गेले आणि काही वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना पदावरून हटवण्यात आलं. बंदी होती, इशारा होता, फक्त तो इशारा वाचून रस्त्यावर पोलीस उभे करणारं कोणी नव्हतं.

पोलीस, सुरक्षा आणि पाणपोई

१९८५चा करार तीस वर्षांत जुना झाला. शिकलेला धडा असा की सगळं लक्ष गुंडांवर ठेवलं की गर्दीकडे दुर्लक्ष होतं. १९८९मध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर नेमकं तेच घडलं. अवे मॅच नव्हती ती, देशातलाच उपांत्य सामना होता, पण गर्दीचा विचार बदलला तो तिथून. चेंगरून ९७ माणसं गेली आणि पोलिसांनी दोष चाहत्यांच्या माथी मारला. तो खोटा होता, हे मृत्यूंच्या चौकशीतल्या ज्युरीने ठरवायला २०१६ साल उजाडलं. कठडे गुंडांना अडवायला उभारले होते, त्याच कठड्यांनी साध्या माणसांचा जीव घेतला.

म्हणून ३ जुलै २०१६ला पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसमध्ये नवा करार झाला. त्याच संध्याकाळी तिथल्या स्टेडियममध्ये फ्रान्स-आइसलँड हा युरोचा सामना होता. करार १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याचे तीन पाय आहेत: सुरक्षितता, बंदोबस्त आणि सेवा. पहिल्यात इमारत, वाटा, गर्दीचा ओघ. दुसऱ्यात गुन्हे आणि पोलीस. तिसऱ्यात आलेल्या माणसाला पाहुणा म्हणून वागवणं.

पुणेकराला हा तिसरा पाय समजवायला पालख्या पुरेत. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते, तेव्हा शहर नुसत्या पोलिसांवर चालत नाही. पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, डॉक्टर, कुठला रस्ता किती वाजता बंद होणार याची आधी दिलेली सूचना, असं सगळं लागतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिंड्यांना क्रमांक असतात, प्रत्येक दिंडीला प्रमुख असतो, अडचण आली तर कोणाशी बोलायचं हे पोलिसांना ठाऊक असतं. युएफाने क्लबांना चाहत्यांशी दुवा ठेवणारा अधिकारी नेमणं बंधनकारक केलं, ते साधारण याच हेतूने. आणि चाहत्यांच्या संघटना १९९०च्या इटलीतल्या विश्वचषकापासून ‘चाहत्यांची वकिलात’ चालवत आल्या आहेत: एखाद्या चौकात गाडी किंवा तंबू, आपली भाषा बोलणारे स्वयंसेवक, नकाशे, हरवलेल्यांना मदत. सरकारी वकिलात शनिवारी संध्याकाळी बंद असते. ही उघडी असते.

सुरुवातीला पोलिसांना हे लाड वाटायचे. पण पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि स्पष्ट पाट्या मिळालेली गर्दी शांत राहते, हे कोणाही अनुभवी बंदोबस्तवाल्याला विचारा.

जिथे सही झाली, तिथेच

२८ मे २०२२ची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण कागदावरचं सगळं असूनही कसं फसतं हे तिच्यात दिसतं.

चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, लिव्हरपूल विरुद्ध रेआल माद्रिद. मूळ ठिकाण सेंट पीटर्सबर्ग. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर तो पॅरिसला हलवला, म्हणजे तयारीला तीन महिने. मैदान तेच, सेंट-डेनिसचं, जिथे तो करार झाला होता.

त्या दिवशी स्टेडियमला जाणाऱ्या एका रेल्वे मार्गावर संप होता. त्यामुळे लिव्हरपूलचे हजारो चाहते दुसऱ्या मार्गाच्या स्टेशनावर उतरले आणि एका अरुंद भुयारी वाटेकडे वळवले गेले. तिथेच तिकीट तपासणी आणि अंगझडती एकत्र ठेवलेली. मागून ओघ चालू, पुढे तुंबलेलं. शेवटी गर्दी दाबून कोणी मरू नये म्हणून ती तपासणी सोडून द्यावी लागली आणि सगळा लोंढा जाऊन गेटांवर पडला. काही गेट बंद झाली. आत मोठ्या पडद्यावर झळकलं की ‘चाहते उशिरा आल्यामुळे’ सामना लांबला आहे, आणि बाहेर तास-दोन तास आधी आलेली माणसं लहान मुलांना खांद्यावर घेऊन उभी होती. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. सामना ३६ मिनिटं उशिरा सुरू झाला. संपल्यावर परतणाऱ्या चाहत्यांना स्थानिक टोळ्यांनी लुटलं.

फ्रान्सचे गृहमंत्री जेराल्ड दारमानँ यांनी सांगितलं की तीस ते चाळीस हजार इंग्लिश लोक बनावट तिकिटांनी किंवा तिकिटाविना आले होते. युएफाने नंतर मोजलेल्या बनावट तिकिटांचा आकडा होता २,५८९. फ्रेंच सेनेटच्या चौकशीने सरकारचा दावा मानला नाही. स्टेडियमच्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण कोणी वेळेत मागितलं नाही म्हणून सात दिवसांनी आपोआप पुसलं गेलं. फेब्रुवारी २०२३मध्ये युएफानेच नेमलेल्या स्वतंत्र समितीने मुख्य जबाबदारी युएफाची ठरवली, फ्रेंच पोलिसांवर कोरडे ओढले, आणि त्या संध्याकाळी कोणी मेलं नाही हेच नवल, असं म्हटलं.

यात काय चुकलं? अधिकाऱ्यांच्या मनात लिव्हरपूल म्हणजे हेझेल आणि हिल्सबरो. हिल्सबरोचा दोष चाहत्यांचा नव्हता, हे ब्रिटनमध्ये सिद्ध होऊन सहा वर्षं झाली होती. पण पॅरिसच्या बंदोबस्ताची आखणी जुन्या समजावर झाली. माहिती केंद्रं, करार, समन्वयाच्या बैठका सगळं जागेवर असताना, खुर्चीतल्या माणसांनी नवी माहिती बाजूला ठेवून ऐकीव गोष्ट पकडली.

लिव्हरपूलच्या चाहत्यांना पुढे तिकिटाचे पैसे परत मिळाले. त्यांच्यासाठी हे लढले ते मुख्यतः चाहत्यांच्या संघटना, त्यांचे खासदार आणि त्यांनी स्वतः जपून ठेवलेले मोबाइलमधले व्हिडिओ.

येऊच नका म्हणण्याचा मोह

बंदोबस्त जमत नसेल तर पाहुण्यांना यायलाच मनाई करा, हा मार्ग अलीकडे फार वापरला जातो. मार्च २०२३मध्ये इटलीत नेपल्सच्या नापोली संघाच्या सामन्याला फ्रँकफर्टच्या चाहत्यांवर बंदी आली. न्यायालयाने ती थांबवली, तर प्रशासनाने फ्रँकफर्टच्या रहिवाशांना तिकीट विकायचं नाही असा नवा आदेश काढला. तरी शेकडो जण विनातिकीट नेपल्सला पोचले आणि शहराच्या मध्यभागी दंगल झाली. तिकीटवाला चाहता ठराविक बसमधून ठराविक गेटवर येतो. बंदी घातलेला कुठूनही येतो आणि कुठल्याही गल्लीत असतो.

राजकारण मिसळलं की गुंता आणखी वाढतो. ७ नोव्हेंबर २०२४ला ॲमस्टरडॅममध्ये आयाक्सविरुद्धच्या सामन्यानंतर इस्रायलच्या मकाबी तेल अवीवच्या चाहत्यांवर हल्ले झाले; त्याआधी त्या चाहत्यांपैकी काहींनी पॅलेस्टिनी झेंडा खेचून काढला होता आणि अरबविरोधी घोषणा दिल्या होत्या. इस्रायलने आपल्या लोकांना आणायला विमानं पाठवली. वर्षभराने हाच संघ बर्मिंगहॅमला ॲस्टन व्हिलाशी खेळणार होता, तेव्हा स्थानिक सुरक्षा समितीने पाहुण्या चाहत्यांना मनाई केली. पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी जाहीर विरोध केला, तरी चाहते आले नाहीत. नंतर उघड झालं की पोलिसांनी समितीपुढे ठेवलेल्या माहितीत एका सामन्याचा उल्लेख होता, जो कधी झालाच नव्हता. एआयच्या साधनाने तो रचला होता आणि कोणी पडताळला नव्हता. पोलीस प्रमुखांना पद सोडावं लागलं. मनाईचा निर्णय बरोबर की चूक यावर तिथे अजून भांडणं होतील, पण निदान तो खऱ्या सामन्यांवर तरी घ्यायला हवा होता.

आणि काही धोके असे असतात की त्यांचा फुटबॉलशी संबंधच नसतो. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रसेल्समध्ये बेल्जियम-स्वीडन सामन्याआधी एका दहशतवाद्याने स्वीडनचे शर्ट घातलेल्या दोन चाहत्यांना गोळ्या घालून मारलं. कुराण जाळण्याच्या घटनांनंतर स्वीडनने ऑगस्टमध्येच आपली धोक्याची पातळी वाढवली होती. सामना मध्यंतराला थांबवला आणि प्रेक्षकांना तासन् तास आतच ठेवलं, कारण हल्लेखोर मोकाट होता आणि त्या घडीला स्टेडियम हीच शहरातली सुरक्षित जागा होती. ते स्टेडियम म्हणजे जुनं हेझेलच, नवं बांधून नाव बदललेलं.

मग आपलं काय?

इथपर्यंतची सगळी व्यवस्था क्लबमागे जाणाऱ्या ओळखीच्या गटांसाठी आहे. पुण्याहून एकटा-दुकटा जाणारा चाहता तिच्यात कुठेच नसतो. त्याची नोंद ना क्लबच्या यादीत, ना कुठल्या माहिती केंद्रात. तो व्हिसावाला पर्यटक, आणि बहुतेक वेळा यजमानांच्या चाहत्यांमध्ये बसलेला. इंग्लंडमध्ये यजमानांच्या स्टँडमध्ये पाहुण्या संघाचा शर्ट दिसला की स्टेडियमचे कर्मचारी बाहेर काढतात, कोणी मारलं नसलं तरी. तिथे फुटबॉलची तिकिटं परवानगीविना पुन्हा विकणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणजे क्रिकेटच्या सवयीने गेटबाहेर ‘जुगाड’ करायला जाल तर पैसेही जातील आणि तक्रार करायला तोंडही उरणार नाही. मैदान दिसत असलेल्या जागेवर दारू पिणंही गुन्हा. जल्लोषात कुंपण ओलांडून मैदानात उतरणं तर नक्कीच.

तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे, हे २०२६च्या विश्वचषकाने पुन्हा दाखवलं. फिफाकडून थेट तिकीट घेतलेल्यांना व्हिसाच्या मुलाखतीची तारीख लवकर मिळावी अशी सोय अमेरिकेने जाहीर केली, पण मुलाखतीत काय होईल याची हमी दिली नाही. इराण आणि हैती पात्र ठरले, त्यांच्या खेळाडूंना अमेरिकेच्या प्रवेशबंदीतून सूट मिळाली, साध्या चाहत्यांना नाही.

भारत सरकारचे प्रवास-इशारे आपण बातमी म्हणून वाचतो आणि सोडून देतो. फुटबॉलमध्ये अशा सरकारी इशाऱ्यांचं वजन किती असतं ते कोलकात्याच्या मोहन बागानने दाखवलं. ऑक्टोबर २०२४मध्ये तब्रीझला आणि पुढच्या वर्षी इस्फहानला जायला या क्लबने नकार दिला. इराणमधली परिस्थिती आणि परदेशी खेळाडूंच्या आपापल्या सरकारांचे इशारे ही कारणं. दोन्ही वेळा आशियाई महासंघाने क्लब स्पर्धेतून बाहेर पडल्याचं मानलं. म्हणजे सरकार ‘जाऊ नका’ म्हणतं, महासंघ ‘आलाच पाहिजे’ म्हणतो, आणि मध्ये क्लब चिरडतो. चाहत्याच्या बाबतीत एवढं नाट्य होत नाही, पण सरकारचा इशारा डावलून गेलात तर अनेक विमा पॉलिसी हात वर करतात. दारूच्या नशेत झालेल्या दुखापतीलाही बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, म्हणून एजंट सगळ्यात स्वस्त पॉलिसी जोडून देतो. ती एकदा उघडून वाचावी.

अटक झालीच तर १९६३च्या व्हिएन्ना कराराचं ३६वं कलम कामाला येतं. परदेशी माणसाला पकडल्यावर ‘तुझ्या वकिलातीला कळवू का?’ हे विनाविलंब विचारणं तिथल्या पोलिसांवर बंधनकारक आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात जिंकला तो याच कलमावर. पण कळवायचं ‘हो’ हे तुम्ही म्हणायला हवं. मग वकिलातीचा माणूस भेटू शकतो, स्थानिक वकिलांची यादी देतो, घरी निरोप पोचवतो. तो जामीन भरत नाही, न्यायालयाला सांगून सोडवत नाही, हॉटेलचं बिल देत नाही. अगदीच अडलेल्या, पैसे नसलेल्या भारतीयासाठी भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, २००९पासून, पण तो गरज तपासून दिला जातो. तक्रार नोंदवायला परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे. घरून आईवडीलही तिथे नोंद करू शकतात.

सगळ्यात जास्त वेळा घडणारी आपत्ती मात्र साधी असते: गर्दीत पासपोर्ट जातो. तातडीने घरी यायचं तर वकिलात आपत्कालीन प्रमाणपत्र देते, पण ते फक्त भारतात परतण्यापुरतं चालतं. त्यावर पुढच्या शहरातला दुसरा सामना बघता येत नाही, आणि शिकायला गेलेल्याला त्यावर आपल्या विद्यापीठात परत जाता येत नाही. त्याला नवा पासपोर्टच काढावा लागतो. दोन्हीसाठी आधी स्थानिक पोलिसांकडची तक्रार लागते. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्येही ११२ लागतो, पण तो जिवावर बेतलं असेल तेव्हाचा. हरवलेल्या पासपोर्टची तक्रार ठाण्यात जाऊन किंवा, सोय असेल तिथे, ऑनलाइन करायची. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो आधीच स्वतःला मेल करून ठेवलेले असले तर ती तक्रारही आणि वकिलातीतला अर्जही बराच लवकर मार्गी लागतो. मोबाइल बहुतेक वेळा पासपोर्टबरोबरच गेलेला असतो, म्हणून एक छापील प्रत हॉटेलच्या खोलीत बॅगेच्या तळाशी असू द्या.